वस्तुचित्रे पाहायला शिकवणाऱ्या चित्रकारास

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

पेन्सिलीने रेखाटलेली चावी, चमचा किंवा पेला पाहून बहुतेकांच्या तोंडून ‘अगदी फोटोच!’ एवढाच उद्गार निघतो. त्यापुढे काय पाहावे, हे आपण स्वतःची चित्रे समोर ठेवून मला सविस्तर समजावून सांगितलेत, त्याबद्दल हे जाहीर आभार.

चमच्याच्या चित्रातील सर्वांत उजळ ठिकाणी पेन्सिल टेकलेलीच नसते, तेथे कोरा कागद राखलेला असतो आणि त्याला खेटून आलेल्या गडद छटेमुळे धातू चकाकताना दिसतो, हे आपण दाखवलेत. तीच छटा मातीच्या भांड्यावर सावकाश उतरते, तर धातूवर एकदम तुटते; वस्तू कशाची बनली आहे हे डोळ्यांना या उतारावरूनच कळते. पडछाया वस्तू टेकते तेथे सर्वांत गडद असते आणि दूर जाता जाता तिची कडा विरत जाते. वस्तूच्या अंधाऱ्या बाजूलाही टेबलावरून परतलेला मंद उजेड असतो, आणि तो सुटला तर पेल्याची गोलाई हरवते. हे सारे रोज नजरेसमोर असूनही (निदान माझ्या तरी) लक्षात येत नव्हते.

साधनांविषयी आपण जे सांगितलेत, त्याने माझा आदर अधिकच वाढला. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिलीचे शिसे भाजण्याची रीत फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी 1795 मध्ये शोधली; मातीचे प्रमाण जास्त तेवढे शिसे कठीण आणि रेघ फिकट. मात्र ‘बी’ गटातील मऊ पेन्सिलीनेही निखळ काळा रंग मिळत नाही, कारण दाट थरावर ग्रॅफाइट स्वतःच चमकू लागते. एवढ्या तुटपुंज्या पल्ल्यात काच, लोखंड आणि कापड वेगवेगळे ओळखू येतील असे रेखाटणे, हे मला हुबेहूबपणापेक्षा मोठे कौशल्य वाटते.

सगळे तपशील सारख्याच ठळकपणे काढलेली चित्रे मला आता थकवतात. आपल्या किटलीच्या चित्रात मात्र मागची कडा पार्श्वभूमीत जाणूनबुजून मिसळून दिली आहे, आणि त्यामुळे नजर आपोआप झाकणाकडे वळते. माझ्या प्राथमिक स्वरूपाच्या प्रश्नांनाही आपण न कंटाळता उत्तरे दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
एक चित्ररसिक