विद्यापीठाच्या फूड पॅन्ट्रीसाठी शिधा : काय आणावं, काय नको

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी 10 ते 12 मंडळाच्या हॉलवर विद्यापीठाच्या फूड पॅन्ट्रीसाठी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रासाठी, शिधा गोळा करतोय. अमेरिकेत एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांना सरकारी फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची मदत) मिळत नाहीत. पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांचीच मुभा असते. भाडं भरलं की काटकसर पोटापासून सुरू होते.

कृपया तांदळाचं 20 पौंडांचं पोतं आणू नका. मुलं बसने येतात, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच नेतात. 2 पौंडांची सीलबंद पाकिटंच हवीत. मूग आणि मसूर डाळ सगळ्यात उपयोगी, कारण ती कुकरशिवायही लवकर शिजते. राजमा मात्र डबाबंदच आणा. कोरडा राजमा स्लो कुकरमध्ये कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात. डबे शक्यतो ओढून उघडायच्या झाकणाचे घ्या, खोलीवर ओपनर नसतो. फुगलेला किंवा सांध्यावर चेपलेला डबा थेट कचऱ्यात टाका, त्यात बॉटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका असतो.

घरचे लाडू-चकल्या कितीही प्रेमाने केल्या असल्या तरी नकोत. त्यावर घटकांचं लेबल नसतं आणि ॲलर्जी असलेल्याला ते महागात पडतं. हिंगाच्या डबीवरही लेबल शाबूत ठेवा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं.

वाटपाच्या वेळी मुलांचे फोटो काढू नका, नावं विचारू नका. ओळखीचं कुणी दिसलं तर ग्रुपवर त्याचा उल्लेखही नको.