व्होल ओळख-संचाबद्दल तिसरी लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या मदत क्रमांकावर आज ४२ मिनिटे गेली, हाती काही लागले नाही. संच तुमचाच आहे: व्होल, म्हणजे उंदरासारखे छोटे कुरतडणारे प्राणी, आणि त्यांच्या बँक, फील्ड, कॉमन अशा जाती ओळखण्यासाठी कार्डे, मोजपट्टी आणि कवटीची प्रतिकृती.

कार्ड ३ म्हणते, शेपूट लांबीच्या निम्मी तर बँक व्होल, तिसरा हिस्सा तर फील्ड व्होल. कसली लांबी? हे प्रमाण डोके आणि धड मिळून जी लांबी होते तिच्याशी लावायचे असते, म्हणजे नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. तुमच्या पट्टीवरचा बाण मात्र थेट शेपटीच्या टोकाला आहे. १०० मिमी डोके-धड आणि ५० मिमी शेपूट असलेला बँक व्होल त्या पट्टीवर १५० मिमी भरतो, शेपूट तिसरा हिस्सा ठरते आणि कार्ड त्याला फील्ड व्होल म्हणते. खरा फील्ड व्होल, समजा ११० आणि ३५ मिमीचा, कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता आजचा फोन. प्रश्न एकच होता. फील्ड व्होलच्या वरच्या जबड्यातल्या दुसऱ्या दाढेला मागे, जिभेच्या बाजूला, चावण्याच्या पृष्ठभागावरच्या नक्षीत एक जादा छोटा कोन असतो. कॉमन व्होलला तो नसतो. या दोघांच्या कवट्या वेगळ्या करायची हीच भरवशाची खूण. टाळू वर करून भिंग धरले की तीन दाढांपैकी मधली बघायची. तुमच्या ‘फील्ड व्होल’ प्रतिकृतीत तो कोनच नाही. साचा कोणत्या कवटीवरून घेतला?

उत्तर आले, “पाठीचा रंग कसा आहे?”

घुबडाने ओकलेल्या गोळीतून काढलेली कवटी आहे, असे सांगितले.

“मग पोटाकडचा रंग बघा.”

कवटीला केस नसतात, असे सांगितले. सहा मिनिटे होल्डवर ठेवले. मग “वरिष्ठांशी बोललो, नमुना स्वच्छ धुऊन रंग पुन्हा तपासा.” आणि शेवटी, “तसे बघितले तर दोन्ही उंदीरच ना?”

ओळख-संच विकणाऱ्या कंपनीने हे बोलावे, याची चीड येते.

डब्यावर ‘ब्रिटनसह संपूर्ण युरोपासाठी’ छापले आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर कॉमन व्होल नाही, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर आहे. तुमची प्रतिकृती प्रमाण मानून कोणी ऑर्कनीतली कवटी ताडून पाहिली, तर तिथे नसलेला फील्ड व्होल नोंदीत शिरतो. अशी नोंद पुढे नकाशात जाते, ती काढून टाकायला वर्षे लागतात.

कार्ड ७ तर मागेच घ्या. कॉमन व्होल आणि हुबेहूब त्याच्यासारखी दिसणारी पूर्व युरोपीय व्होलची जात यांना तुम्ही ‘किंचित गडद पाठ’ एवढ्यावर वेगळे केले आहे. बाहेरून ते ओळखू येत नाहीत. एकाची गुणसूत्रे ४६, दुसऱ्याची ५४. ती मोजावी लागतात किंवा डीएनए तपासावा लागतो.

वाईट याचे वाटते की जुनी आवृत्ती चांगली होती. प्रौढ बँक व्होलच्या दाढांना मुळे असतात, फील्ड व्होलच्या दाढांना कधीच येत नाहीत, आणि पिल्लांमध्ये या खुणेवर विसंबू नका, हे तिच्यात स्पष्ट होते. ते काढून तुम्ही रंग पहिल्या पायरीवर आणला. बँक व्होलची पिल्ले राखाडीच असतात, तांबूस रंग नंतर चढतो. म्हणजे पहिल्याच पायरीला चूक.

आणि ती पट्टी. पुन्हा लिहितो, कारण तीन तक्रारींत एकानेही तिच्यावर शब्द काढलेला नाही. शून्य नाकाशी, बाण शेपटीच्या मुळाशी. एवढी एक रेघ हलवायची आहे.

१५ दिवसांत नवी पट्टी, दुरुस्त कार्डे ३ आणि ७ आणि योग्य प्रतिकृती पाठवा, आणि हा संच घेतलेल्या प्रत्येकाला चुका लेखी कळवा. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही झाले नाही तर हे पत्र, दाढांच्या छायाचित्रांसह, हा संच वापरणाऱ्या प्रत्येक सर्वेक्षण गटाला पाठवले जाईल.

एक ग्राहक