संमिश्र माध्यमांतील भौमितिक शिल्प

संपादक महोदय,

गणितातून स्फुरलेली शिल्पे ही केवळ दुरून पाहण्याची वस्तू मानली जाते, याची खंत वाटते. लाकडी फळीचे ३० बाय ४८.५ सेंटिमीटरचे, म्हणजे सुवर्ण गुणोत्तरातील (लांबी रुंदीच्या सुमारे १.६२ पट), तीन आयत परस्परांना काटकोनात गुंतवले की त्यांचे १२ कोपरे वीस त्रिकोणी पृष्ठांच्या विंशतिफलकाचे शिरोबिंदू होतात. त्याच्या ३० कडांपैकी ६ आयतांच्या आखूड बाजूंनीच मिळतात आणि उरलेल्या २४ तांब्याच्या तारेने किंवा लवचीक दोऱ्याने जोडता येतात. मला दोरा अधिक भावतो, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि तो ते सामावून घेतो. आयत एकमेकांत गुंतवण्यासाठी प्रत्येकाच्या मध्यभागी खाच कापतात; एका आयताची खाच मात्र कडेपर्यंत कापावी लागते, अन्यथा तिसरा आयत गुंतवताच येत नाही. शाळांनी हे शिल्प मुलांच्या हातून घडवून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक