एकोणीस-अठरावरची सर्व्हिस

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि तुझ्या बॅडमिंटनच्या सामन्याचा व्हिडिओ, दोन्ही मिळाले. तिसऱ्या गेममध्ये १९-१८ अशी आघाडी असताना तुझी सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि पुढे सामनाच हातचा गेला, याचे वाईट मलाही वाटले. परंतु ‘माझा सर्व्हिसचा हातच गेला’ हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. हात शाबूत आहे. दुसऱ्या गेममध्ये सर्व्हिस जजने एकदा जास्त उंचीवरून सर्व्हिस मारल्याचा फॉल्ट दिला, त्या क्षणापासून तुझे सगळे बदलले आहे.

पहिल्या गेममध्ये तू फुलाच्या, म्हणजे शटलच्या, पिसाचे टोक अंगठा आणि तर्जनीत हलके धरतोस, समोर सर्व्हिस घेणाऱ्या रिसीव्हरकडे एकदा पाहतोस, क्षणभर थांबतोस आणि मगच बॅकहँडने फूल ढकलतोस. फूल नेटच्या वरच्या कडेवरच्या टेपला घासून जाते आणि पुढच्या रेषेच्या जरासे आत उतरते. फॉल्टनंतर मात्र तुझा डावा हात जवळजवळ वीतभर खाली, मांडीपाशी आला. पुन्हा फॉल्ट नको, ही भीती मला समजते. पण तिची किंमत किती आहे ते पाहा. २०१८ पासून नियम असा आहे, की फटका बसताना संपूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असले पाहिजे. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. म्हणजे अगदी मर्यादेवरून टाकलेल्या सर्व्हिसलाही सुमारे ३७ सेंटिमीटर वर चढावेच लागते. तू आणखी वीस सेंटिमीटर खाली गेलास, की चढण दीडपट होते. मग फूल एकतर टेपवर आदळते, नाहीतर नेट ओलांडतानाही वरच चढत राहते आणि रिसीव्हर ते तुझ्या अंगावर मारतो. शेवटच्या गेममध्ये या दोन्ही गोष्टी घडल्या.

‘संपूर्ण फूल’ हे शब्द नीट लक्षात घे. बूच मर्यादेखाली आणि पिसे वर, असे चालत नाही. पिसांची लांबी ६२ ते ७० मिलिमीटर असते, तेवढी जागा वर सोडावी लागते, आणि तुला मिळालेला फॉल्ट बहुधा त्यातलाच होता. जुन्या नियमात सर्वांत खालच्या बरगडीची पातळी धरत. तुझ्यामाझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसांना नव्या नियमाने तोटा झालेला नाही, उलट थोडी सवलतच मिळाली आहे. घरी भिंतीवर १.१५ मीटरवर खडूची रेघ ओढ, खेळताना घालतोस तो शर्ट घालून तिच्याशेजारी उभा राहा आणि ती रेघ शर्टावर नेमकी कुठे येते ते पाहून ठेव. मग सामन्यात अंदाज करण्याची वेळ येणार नाही.

दुसरी गोष्ट सवयीची आहे. आपण कॉलेजात खेळत होतो, तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळे, दुहेरीत दोघांनाही सर्व्हिसची पाळी येई आणि चूक झाली तर गुण न जाता फक्त पाळी जाई. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ऐन शेवटी मी घाबरून फ्लिक, म्हणजे रिसीव्हरच्या डोक्यावरून मागे जाणारी झटक्याची सर्व्हिस, टाकली होती, ते तुला आठवत असेल. रिसीव्हर मागच्या पायावर तयारच होता, त्याने स्मॅश मारला, आणि तरीही तुझी पाळी शिल्लक असल्यामुळे आपण तरलो. २००६ पासून तशी सूट उरलेली नाही. आता प्रत्येक चुकीचा एक गुण जातो. शिवाय सर्व्हिस खालून वर मारावी लागत असल्यामुळे दुहेरीत पहिला हल्ला समोरच्याचा असतो. म्हणून सर्व्हिसवर गुण मिळवायला जाऊ नकोस. समोरच्याला फूल वरून मारता येऊ नये, इतकेच तिच्याकडून माग. गुण तिसऱ्या फटक्यावर, म्हणजे समोरच्याच्या उत्तरानंतरच्या आपल्या फटक्यावर मिळतो. तू मात्र सर्व्हिस टाकून ती कशी पडते हे पाहत उभा राहतोस आणि तुझी रॅकेट गुडघ्याजवळच राहते. फूल सुटताक्षणी ती छातीसमोर आली पाहिजे.

तू रोज शंभर सर्व्हिसेस टाकतोस, असे लिहितोस. तो सराव ताज्या दमाचा आणि रिकाम्या कोर्टावरचा आहे. त्याऐवजी कोर्टाच्या चारही कोपऱ्यांना धावत शिवून ये, समोर कुणाला तरी रॅकेट उगारून उभे कर, ‘१९-१८’ असे मोठ्याने म्हण आणि एकच सर्व्हिस टाक. मग पुन्हा धाव. अशा वीसच सर्व्हिसेस टाक. दम लागलेला असताना आधी श्वास पूर्ण सोड, कारण श्वास रोखला की बोटे आवळतात आणि फूल पुढे ढकलले न जाता त्याला झटका बसतो. तुझ्या त्या एकोणीस-अठराच्या सर्व्हिसला नेमके हेच झालेले दिसते.

पुढच्या महिन्यात तू इकडे येशील, तेव्हा नेटच्या वर वीतभर अंतरावर मी सुतळी बांधून ठेवीन. टेप आणि सुतळी यांच्यामधून फूल काढायचे, आणि समोर रिसीव्हर म्हणून मी उभा राहीन. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना पार्टनर