उद्घाटन झालं, कुलूप तसंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भांडुपला आमच्या नाक्यावर पंधरा दिवस झाले एक बॅनर लटकतोय, 'सार्वजनिक शौचालयाचा भव्य उद्धाटन सोहळा', घ च्या जागी ठसठशीत ध आणि खाली 'शुभहस्ते' करून सोळा जणांचे फोटो. आता यात एकट्या बॅनरवाल्याला काय बोलणार, द्घ आणि द्ध बारीक फाँटमध्ये जुळी भावंडंच दिसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पत्रिकांत पण हेच. लक्षात ठेवायला सोपंय खरं तर, उघडणेतला घ. आपलं 'उघडणं' आणि संस्कृतातलं उद्घाटन मुळात एकच, प्राकृतात त्याचं 'उग्घाड' झालं आणि तिथून आपल्याकडे आलं. म्हणजे बंद असलेलं उघडायचं, एवढाच अर्थ.

मग त्याच बॅनरच्या शेजारी 'गटार कामाचे उद्घाटन' कसं काय? काम अजून सुरूच झालं नाही तर उघडणार काय? शुभारंभ म्हणा, इमारत असेल तर भूमिपूजन म्हणा, पायाभरणी म्हणा, साधं कुदळ मारली म्हटलं तरी चालतं की. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला बसली १९१३ला आणि उद्घाटन झालं १९२४ला, दोन्हीला एकच शब्द वापरला तर मधली अकरा वर्षं कुठे घालायची? पुतळ्याचं अनावरण होतं, पुस्तकाचं प्रकाशन (विमोचन मला हिंदी वाटतं, पण असो), आणि हल्ली ऊठसूट सगळ्याचंच लोकार्पण.

आमची आई 'नारळ फोडला' म्हणू द्यायची नाही, 'वाढवला' म्हण म्हणायची, बांगडीसुद्धा फुटत नाही तर वाढते, शुभकार्यात फुटण्यातुटण्याचा शब्द नको म्हणून. माणसं इतकी जपून बोलायची आणि आपण छापतानाही बघत नाही.

बरं, सोहळा मागच्या रविवारी झाला, नारळ वाढवला, फीत कापली, पेढे वाटले, मलाही एक मिळाला. आज सकाळी बघितलं तर कापलेल्या फितीचा तुकडा कडीला तसाच लोंबतोय, त्याच्याखाली कुलूप, आणि समोर भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या चावी कोणाकडेय ते कोणालाच माहीत नाही, आम्ही अजून स्टेशनवरच जातो.

– एक वाचक, भांडुप (प.)