सुन्याला पत्र, हात जोडल्याला चार महिने

प्रिय सुन्या,

परवा फोनवर "हात कसला, लाकूड लटकवलंय" म्हणालास आणि कट केलास. मला तेव्हा काय बोलावं सुचलंच नाही, म्हणून आता लिहितोय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाकलं असतं तर तू न वाचता अंगठा दाखवला असतास, आणि तोही डाव्या हाताचा.

मला ती संध्याकाळ अजून दिसते. कडबाकुट्टी बंद करून आबा नुसते उभे, मी गाडीत मागे, मांडीवर तुझ्या तुटलेल्या हाताचा थर्माकोलचा खोका, आणि फोनवर डॉक्टर ओरडतायत, बर्फ डायरेक्ट लावू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, मग ती पिशवी बर्फात ठेवा. गार न केलेले स्नायू पाच-सहा तासांच्या पुढं दम धरत नाहीत म्हणे. मग रात्रभर ऑपरेशन. आधी हाड थोडं आखूड करून प्लेट, मग रक्तवाहिन्या, स्नायू, नसा. सिस्टर बाहेर येऊन "बोटं गुलाबी झाली" म्हणाल्या तेव्हा आबा जिन्यातच बसले.

आपल्याला वाटलं झालं काम. पण रक्त लगेच धावतं रे, नस, म्हणजे मेंदूचा निरोप नेणारी-आणणारी तार, ती नाही धावत. कापल्याच्या पुढची नस मरते, उरते नुसती रिकामी नळी, वरनं नवा धागा त्यात रोज एक मिलिमीटर सरकतो. महिन्याला जेमतेम इंच. तुझा कोपराखाली तुटलाय, बोटांच्या टोकापर्यंत हिशोब तूच कर.

1962 मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळ एव्हरेट नोल्स नावाचा बारा वर्षांचा पोरगा मालगाडीला लटकायला गेला आणि उजवा हात खांद्याजवळून तुटला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर रोनाल्ड माल्ट आणि त्यांच्या टीमनं तो जोडला, अख्खा हात यशस्वी जोडल्याची जगातली पहिली केस. पण ऑपरेशन मे महिन्यात आणि नसा जोडल्या सप्टेंबरमध्ये! तोवर त्याचाही हात लाकूडच. नंतर बोटं हलायला लागली. आणि त्याच्या नसेला वाट तुझ्या जवळजवळ दुप्पट होती.

मागच्या वेळी डॉक्टरांनी हातावर टिचक्या मारत बॉलपेननं खूण केलेली, आठवतंय? जिथं टिचकी मारली की पुढं झिणझिण्या येतात तिथवर नस पोचलीय. टाक्यांच्या खाली चांगली चार बोटं होती ती खूण. तू बघितलंसुद्धा नाहीस, खिडकीकडं तोंड करून बसलेलास.

फिजिओवाल्या मॅडमवर वैतागू नकोस. बोटं दुसऱ्या हातानं हलवत राहिलं नाही तर सांधे आखडतील आणि नस पोचून काय उपयोग. आणि चहाचा कप त्या हाताजवळ ठेवू नकोस, भाजलेलं कळणार नाही तुला.

रविवारी येतोय. वहिनी सांगत होत्या त्या हाताची नखं वाढलीत पण कापायला त्यांचा जीव होत नाही. मी कापतो. पेन पण आणतो.

तुझाच,
पक्या