वेल्सच्या किल्ल्यांचे फोटो पाठवताना

चेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, इंग्लंडमध्ये राहून आपली मुलगी सुट्टी मिळाली की वेल्समधलेच किल्ले पाहायला का धावते, असे तुम्ही गेल्या वेळी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून काही फोटो मोठ्या आकारात छापून या पत्रासोबत पाठवत आहे. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने किल्ल्याचे नाव लिहिले आहे. आईला फोनच्या पडद्यावर बारीक गोष्टी दिसत नाहीत, हेही छापून पाठवण्याचे एक कारण आहे.

सर्वांत वरचा फोटो कॉन्वीचा आहे. १२८२ च्या डिसेंबरात वेल्सचा राजा लेवेलिन आप ग्रिफिथ लढाईत मारला गेला आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने पुढच्याच वर्षी हा किल्ला बांधायला घेतला. आठ प्रचंड बुरुजांचा हा किल्ला आणि त्याला जोडून असलेली गावाची तटबंदी मिळून साधारण चार वर्षांत उभी राहिली आणि त्यासाठी सुमारे १५,००० पौंड खर्च झाले. जागा कोणती निवडली, ते मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. लेवेलिनचे आजोबा ज्या मठात दफन केलेले होते, तो मठच तिथून हलवण्यात आला, संन्याशांना नदीच्या वरच्या अंगाला नवी जागा देण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या त्या भूमीवर इंग्रजांसाठी नवे गाव वसवण्यात आले. जिंकलेल्या लोकांच्या पूर्वजांच्या समाधीवरच जेत्याने आपले ठाणे बसवावे, यामागचा हेतू तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

हे वाचल्यापासून माझी फोटो काढण्याची पद्धतच बदलली. पूर्वी मी बुरूज तेवढा चौकटीत घेत असे; आभाळ निळे आणि दगड करडा असला की फोटो सुंदरच येतो. आता मला असे ठामपणे वाटते की, किल्ला कोणावर नजर ठेवण्यासाठी बांधला आणि त्याला रसद कोठून येत होती, हे ज्या फोटोत दिसत नाही तो फोटो अपुरा आहे. म्हणून कॉन्वीचा हा फोटो मी नदीच्या पलीकडच्या काठावरून, भरतीच्या वेळी काढला. त्यात किल्ला लहान दिसतो, परंतु खाडीचे पाणी थेट त्याच्या पायथ्याशी भिडलेले दिसते. आपले बहुतेक गड डोंगराच्या आधाराने उभे आहेत, तर एडवर्डचे हे किल्ले पाण्याच्या आधाराने. डोंगरांतून वेल्श लोकांनी वाटा अडवल्या, तरी गलबतांतून धान्य आणि माणसे आत आणता यावीत, अशी ती योजना होती. फोटोत अभियंता टेलफर्डने बांधलेला १८२६ चा झुलता पूलही आला आहे. तो टाळण्यासाठी अनेक जण जागा बदलतात. मी तो मुद्दाम राहू दिला, कारण त्या पुलामुळे खाडीची रुंदी कळते.

दुसरा फोटो त्याच किल्ल्याच्या एका बुरुजाचा, जवळून घेतलेला आहे. तो भिंगाखाली धरून पाहा. सकाळचे ऊन भिंतीवर तिरके पडले की दगडांमधली लहान चौकोनी भोके उठून दिसतात आणि ती बुरुजाभोवती फिरत वर चढत जातात. परांचीच्या लाकडांसाठी ती ठेवलेली होती. परांची अशी तिरकी चढवत नेण्याची रीत आल्प्स पर्वताकडच्या सॅव्हॉय प्रांतातली असून, एडवर्डचा मुख्य स्थपती मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज तिकडचाच होता. ढगाळ दिवशी यातले जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि वेल्समध्ये ढगाळ दिवसच अधिक असतात, म्हणून या एका फोटोसाठी मला पुष्कळ वाट पाहावी लागली. आणखी एक गोष्ट सांगते. आज आपल्याला करडा दिसणारा हा किल्ला बांधला तेव्हा चुन्याच्या गिलाव्याने पांढराशुभ्र होता. दूरच्या डोंगरावरूनही तो डोळ्यांत खुपावा, असाच रंग होता तो.

आता केरनार्वन. याच्या भिंतीत फिक्या चुनखडकामधून गडद वाळूच्या दगडाचे पट्टे फिरवले आहेत आणि बुरूज गोल नसून बहुकोनी आहेत. हे रूप पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी असलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या तटासारखे आहे, म्हणजे रोमन सम्राटांचा वारसा आपल्याकडे आला असे एडवर्डला दगडांतून सांगायचे होते. हा फोटो दुपार कलल्यावर, सेयन्ट नदीच्या दक्षिण काठावरून घेतला. त्या वेळी ऊन समोरच्या तटावर पडते आणि नुकताच पाऊस पडून गेला असेल तर पट्टे स्पष्ट उमटतात. अठराव्या शतकातला वेल्श प्रवासी टॉमस पेनंट याने या वास्तूला ‘आमच्या पारतंत्र्याचे सर्वांत भव्य चिन्ह’ म्हटले होते. किल्ल्याची भव्यता त्याने नाकारली नाही आणि पारतंत्र्यही विसरला नाही. माझ्या मते या किल्ल्यांबद्दल याहून नेमके कोणी लिहिलेले नाही, आणि कॅमेरा हातात घेताना मी ते वाक्य आठवते. कॉन्वीप्रमाणे केरनार्वन गावही इंग्रजांसाठीच वसवले होते, पण तिथे आज बहुसंख्य लोक वेल्श बोलतात. तटाखालच्या बाजारात, बसमध्ये, शाळेच्या फाटकापाशी तीच भाषा कानावर पडते. ती फोटोत कशी आणावी, ते मला अजून साधलेले नाही.

ब्यूमॅरिसचा फोटो सर्वांत शांत दिसेल, कारण खंदकातल्या संथ पाण्यात पूर्ण तट उलटा उमटला आहे. त्याची हकिकत मात्र शांत नाही. १२९४ मध्ये वेल्श लोकांनी उठाव करून केरनार्वन घेतले. तो उठाव मोडल्यावर, १२९५ मध्ये, अँगल्सी बेटावर हा किल्ला सुरू झाला आणि त्यासाठी लानवाइस गावातले वेल्श रहिवासी उठवून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवले गेले. मास्टर जेम्सने १२९६ मध्ये राजाच्या कचेरीला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. कामावर ४०० पाथरवट, २,००० मजूर आणि खाणीत २०० माणसे असल्याचे सांगून त्याने पैशांची निकड कळवली आहे. पुढे राजाचे लक्ष आणि खजिना स्कॉटलंडच्या लढाईकडे वळला आणि तट ठरलेल्या उंचीपर्यंत कधीच गेला नाही. म्हणूनच फोटोत तो इतका बसका दिसतो.

हार्लेकबद्दल थोडक्यात लिहिते. समुद्र आता दूर सरकला आहे, पण पूर्वी तो कड्याच्या पायथ्याशी होता आणि १२९४ च्या वेढ्यात आयर्लंडहून आलेल्या रसदेवरच किल्ला टिकला. १४०४ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श नेता ओवेन ग्लिंडूर याने तो जिंकला आणि सुमारे पाच वर्षे तिथूनच वेल्सचा कारभार पाहिला.

बाबा, पडके तट पाहून तुमच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले होते. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. तीच रीत त्यांनी सतराव्या शतकातल्या, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धानंतर स्वतःच्या देशातल्या किल्ल्यांवरही वापरली होती, जेणेकरून राजाच्या बाजूच्या लोकांना तिथे पुन्हा पाय रोवता येऊ नयेत. कॉन्वीचे छत तर १६६५ मध्ये मालकानेच उतरवले आणि त्यातले शिसे, लोखंड व लाकूड विकायला काढले. त्यामुळे पडक्या भिंतीचा फोटो घेताना ती काळाने पडली की माणसांनी पाडली, हे मी आधी शोधून काढते.

शेवटचा फोटो लहानशा, एकट्या गोल बुरुजाचा आहे. हे डॉलबाडर्न, लानबेरिसच्या तलावावरचे. हा एडवर्डचा किल्ला नव्हे. लेवेलिनच्या त्याच आजोबांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला आणि वेल्स जिंकल्यावर इथली लाकडे काढून केरनार्वनच्या बांधकामाला नेण्यात आली. चित्रकार टर्नरनेही तो रंगवला आहे. मोठ्या किल्ल्यांइतके लोक इकडे येत नाहीत, तरीही मला विचाराल तर या सर्व फोटोंत हाच आधी पाहावा, आणि मग बाकीचे.

उन्हाळ्यात तुम्ही याल तेव्हाचा बेत मी आखून ठेवला आहे. चेस्टरहून कॉन्वीला रेल्वेने जाऊ आणि डब्यात उजव्या बाजूला बसू, म्हणजे वाटभर समुद्र दिसेल. आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी आधीच केला आहे. हार्लेकला रस्त्याच्या बाजूने दरवाजापर्यंत पूल आहे, त्यामुळे खालच्या अंगाच्या १०८ पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. केरनार्वनला २०२३ पासून राजदरवाजात लिफ्ट आहे, तिने तुला वरच्या गच्चीपर्यंत नेता येईल. डॉलबाडर्नची चढण थोडी असली तरी वाट ओबडधोबड आहे, तेव्हा तिथे बाबा आणि मी जाऊ आणि तू खाली तलावाकाठी बस. पावसाळी कोट दोघांचेही आणा, जूनमध्येसुद्धा लागतील. यांपैकी कोणता फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा, ते बाबांनी कळवावे.

तुमची लेक